शंभर नंबरी पेट्रोल

ता. १ डिसेंबर २०२० रोजीं इंडियन ऑइल कंपनीनें शंभर ऑक्टेनचें पेट्रोल भारतांत विक्रीस आणिलें. पहिल्या खेपेस त्यासाठीं जीं दहा शहरें निवडण्यांत आलीं, त्यांत दिल्ली, मुंबई, अहमदाबाद, जयपूर, चंडीगड यांच्या जोडीला पुण्याचेंही नांव होतें. दिल्लीस त्या दिवशीं साधें पेट्रोल लिटरला सुमारें ८२ रुपयांस मिळत होतें. या नव्या पेट्रोलचा भाव तेथें १६० रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट, ठरला. ९५, ९७, ९९ अशा निरनिराळ्या आंकड्यांचीं पेट्रोलेंही निरनिराळ्या कंपन्यांच्या पंपांवर दिसूं लागलीं, आणि वेगवान मोटारसायकल बाळगणाऱ्या तरुणापुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला. हा वरचा खर्च गाडीच्या कामीं येतो, कीं केवळ मनाच्या समाधानाचा आहे?

पुण्याचें नांव या यादींत असावें, यांत नवल कांहींच नव्हतें. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाणारें पुणें गेल्या अर्धशतकांत दुचाकी मोटारींचें शहर बनलें. मार्च २०१८ अखेर पुण्याच्या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली होती; त्यांपैकीं सुमारें २७ लाख दुचाकी होत्या. शहराची वस्ती त्या वेळीं ३५ लाखांच्या आसपास धरली जात असल्यामुळें, माणसांहून वाहनें अधिक, असा विलक्षण हिशोब त्या वर्षीं वर्तमानपत्रांतून गाजला. शिवाय ज्या वेगवान गाड्यांविषयीं हा प्रश्न पडतो, त्यांपैकीं पुष्कळशा पुण्याच्याच परिसरांत, आकुर्डी आणि चाकण येथील कारखान्यांत, जन्मास आल्या. तेव्हां या प्रश्नाचा विचार पुण्याच्या निमित्तानें करणें योग्यच होय.

‘शंभर नंबरी’ हा शब्द मराठी घरांत जुनाच आहे. सराफाच्या पेढीवर शंभर नंबरी सोनें म्हणजे ज्यांत हीण मुळींच नाहीं, असें सोनें. साहजिकच पंपावर शंभराचा आंकडा पाहतांच मनांत तीच कल्पना येते. ९१ ऑक्टेनचें पेट्रोल म्हणजे नऊ भाग हीण मिसळलेलें, आणि शंभराचें म्हणजे निर्भेळ व म्हणूनच अधिक जोरकस, असें वाटूं लागतें. ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी ती चुकीची आहे. आणि ती कां चुकीची, हें कळण्यास हा आंकडा जन्मास कसा आला, हें पाहिलें पाहिजे. तो इतिहास सुमारें शंभर वर्षांचा आहे. त्यांत विज्ञानाची चिकाटी आहे, महायुद्ध आहे, आणि एका विषाची कहाणीही आहे.

इ. स. १८७६ सालीं निकोलस ऑटो या जर्मन यंत्रज्ञानें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. आजच्या बहुतेक मोटारसायकली त्याच तत्त्वावर चालतात. पहिल्या टप्प्यांत दट्ट्या खालीं येतो व हवा आणि इंधन यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें. दुसऱ्यांत तो वर जाऊन तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत ठिणगी पडून मिश्रण पेटतें व तापलेले वायु दट्ट्याला खालीं ढकलतात. चौथ्यांत जळका धूर बाहेर पडतो. यांतील दुसरा टप्पा, म्हणजे दाबाचा, हाच सर्व प्रश्नाचा गाभा आहे. मिश्रणाचें मूळ आकारमान आणि दाबल्यानंतरचें आकारमान यांच्या गुणोत्तरास दाबाचें प्रमाण म्हणतात. हें प्रमाण जितकें अधिक, तितकी त्याच इंधनांतून मिळणारी शक्ति अधिक. निव्वळ गणिताच्या हिशोबानें, दाबाचें प्रमाण चार असतां इंधनांतील उष्णतेचा जास्तींत जास्त ४३ टक्के भाग कामीं येऊं शकतो. तें आठ केल्यास ५६ टक्के, आणि अकरा केल्यास जवळजवळ ६२ टक्के. प्रत्यक्षांतील इंजिनें या हिशोबाच्या पुष्कळ मागें राहतात, परंतु क्रम हाच असतो.

मग सुरुवातीच्या कारखानदारांनीं हें प्रमाण कां वाढविलें नाहीं? फोर्डची १९०८ सालीं निघालेली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार चार-साडेचाराच्या प्रमाणावर चालत असे. त्याच्या फारसें वर जाऊं पाहिलें कीं इंजिनांतून खट्‌खट्‌ असा आवाज येऊं लागे. पत्र्याच्या डब्यांत कोणी खडे खुळखुळवीत असावें, तसा. पुण्याचे मिस्त्री यालाच नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडल्यावर ज्योत मिश्रणांतून क्रमाक्रमानें पसरत जावी, अशी अपेक्षा असते. परंतु ज्योत पुढें सरकत असतां सिलिंडरच्या दूरच्या कोपऱ्यांतील न जळलेलें मिश्रण अधिकच दाबलें जातें व तापतें. तें अति तापलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच आपण होऊन एकदम भडकतें. चुलींत लाकूड जळावें त्या ऐवजीं कोपऱ्यांत लपवून ठेविलेला फटाका उडावा, तसा हा प्रकार आहे. त्या धक्क्यानें शक्ति वाया जाते, इंजिन तापतें, आणि हें सतत चालूं राहिल्यास दट्ट्याच्या माथ्यास खड्डे पडून तो निकामी होतो.

इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यानें पहिल्या महायुद्धानंतर या विकाराचा कसून अभ्यास केला. चालू असतांनाच दाबाचें प्रमाण कमीजास्त करतां येईल असें एक खास इंजिन त्यानें बनविलें व निरनिराळीं इंधनें त्यांत जाळून पाहिलीं. त्यावरून हें निश्चित झालें कीं, दोष केवळ यंत्राचा नसून इंधनाचाही आहे. कांहीं इंधनें दाब सोसतात, कांहीं सोशीत नाहींत. अमेरिकेंत हेंच काम जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत चार्ल्स केटरिंग आणि त्याचा सहकारी थॉमस मिजली यांनीं चालविलें होतें. आयोडीन, अॅनिलीन, टेल्युरियम असे शेंकडों पदार्थ त्यांनीं इंधनांत मिसळून पाहिले. टेल्युरियमनें नॉकिंग थांबे, पण त्याचा लसणीसारखा उग्र दर्प माणसाच्या अंगाकपड्यांस असा चिकटे कीं त्याचा नाद सोडून द्यावा लागला. अखेरीस ता. ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग, टेट्राएथिल लेड, त्यांच्या हातीं आलें. चिमूटभर प्रमाणांत मिसळलें तरी आवाज एकदम बंद होई.

त्याच सुमारास त्यांच्यापुढें दुसराही एक उपाय होता. मद्यार्क, म्हणजे आज ज्याला इथेनॉल म्हणतात तो पदार्थ, पेट्रोलांत मिसळल्यास नॉकिंग थांबतें, हें त्यांस ठाऊक होतें. परंतु मद्यार्क पुष्कळ मिसळावा लागे, आणि ऊंस-मक्यापासून कोणासही काढतां येणाऱ्या त्या पदार्थावर एका कंपनीची मालकी बसणें शक्य नव्हतें. शिशाचें संयुग अगदीं थोडें लागे आणि त्याचें पेटंट घेतां येई. निवड शिशाची झाली. १९२३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील डेटन गांवीं शिसेमिश्रित पेट्रोलची पहिली विक्री झाली.

शिसें विषारी आहे, हें त्या वेळीं अज्ञात नव्हतें. मिजलीला स्वतःलाच त्याची बाधा होऊन विश्रांति घ्यावी लागली होती. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सीमधील बेवे येथील कारखान्यांत हें संयुग बनविणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तीसांहून अधिक रुग्णालयांत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मिजलीनें वार्ताहरांसमोर आपले हात त्या द्रवांत धुऊन तो निर्धोक असल्याचें दाखविण्याचा प्रयत्न केला. १९२५ च्या मे महिन्यांत सरकारनें बोलाविलेल्या परिषदेंत डॉ. अॅलिस हॅमिल्टन आणि प्राध्यापक यांडेल हेंडरसन यांनीं स्पष्ट इशारा दिला कीं, प्रश्न मूठभर कामगारांचा नसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा आहे. कांहीं महिने विक्री थांबली. पण पुढें ती पुन्हां सुरू झाली आणि जगभर पसरली.

आतां प्रश्न उरला मोजमापाचा. एखादें पेट्रोल दाब किती सोसतें, हें सांगावयाचें कसें? १९२६ सालीं ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनज्ञानें त्याची युक्ति काढली. त्यानें दोन शुद्ध द्रव निवडले. एक हेप्टेन, जो सहज भडकतो. कॅलिफोर्नियाकडील एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकापासून तो मिळे. दुसरा आयसो-ऑक्टेन, जो दाब उत्तम सोसतो. पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला शंभर असे गुण देण्यांत आले. ज्या पेट्रोलाची परीक्षा घ्यावयाची तें एका ठराविक इंजिनांत जाळावयाचें, आणि या दोन द्रवांचें कोणतें मिश्रण त्याच्याइतकेंच नॉकिंग करतें तें पाहावयाचें. ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांचें मिश्रण त्याच्या बरोबरीचें ठरलें, तर त्या पेट्रोलचा आंकडा ९१. भारतांत पंपांवर लिहिलेला आंकडा याच रीतीनें, मिनिटाला सहाशे फेरे घेणाऱ्या परीक्षा-इंजिनावर काढलेला असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. ऑक्टेनचा आंकडा हा शुद्धतेचा नव्हे आणि शक्तीचाही नव्हे. तो केवळ सहनशीलतेचा आंकडा आहे. शून्य गुणांचें हेप्टेन आणि शंभर गुणांचें आयसो-ऑक्टेन यांचें एकेक किलो जाळलें, तर निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. किंबहुना शून्यवाल्या हेप्टेनचीच किंचित अधिक भरते. इथेनॉलचा आंकडा १०८ च्या घरांत जातो, परंतु लिटरला त्यांत पेट्रोलच्या मानानें सुमारें एक तृतीयांश उष्णता कमी असते. आंकडा म्हणजे जोर असें असतें, तर इथेनॉलवर चालणारी गाडी सर्वांच्या पुढें धांवली असती आणि तिचें सरासरी अंतरही वाढलें असतें. प्रत्यक्षांत लिटरमागें अंतर घटतें.

मग शंभर ऑक्टेनचा एवढा बोलबाला झाला तरी कशानें? तो झाला दुसऱ्या महायुद्धांत. अमेरिकेंत शेल कंपनीकडे असलेला प्रसिद्ध वैमानिक जेम्स डूलिटल यानें १९३४ च्या सुमारास, गिऱ्हाईक फारसें नसतांही, शंभर ऑक्टेनचें विमानी पेट्रोल बनविण्याचा आग्रह धरला. १९४० सालीं ब्रिटिश विमानदळाचीं स्पिटफायर व हरिकेन हीं विमानें या पेट्रोलवर चालूं लागलीं. पूर्वीच्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर त्यांच्या मर्लिन इंजिनांत हवेचा जादा दाब चौरस इंचास सव्वासहा पौंडांपर्यंतच चढवितां येई; त्यापुढें इंजिन नॉकिंगनें फुटण्याचा धोका असे. नव्या पेट्रोलवर तोच दाब बारा पौंडांवर नेतां आला, आणि कमी उंचीवर तेंच इंजिन तेराशे अश्वशक्तीपर्यंत चढूं लागलें. ब्रिटनवरील हवाई लढाईंत या अधिक शक्तीचें मोल किती होतें, हें सांगणें नलगे.

परंतु या उदाहरणाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. शक्ति पेट्रोलनें दिली नाहीं. पेट्रोलनें फक्त परवानगी दिली. शक्ति दिली ती इंजिनांत अधिक हवा कोंबणाऱ्या यंत्रानें. तेंच शंभर ऑक्टेनचें पेट्रोल भरून दाब पूर्वींचाच सव्वासहा पौंड ठेविला असता, तर वैमानिकास फरक जाणवला नसता. शंभर नंबराची सारी कीर्ति या एका अटीवर उभी आहे, आणि जाहिरातींत नेमकी तीच अट गळून पडते.

युद्धकाळांत भारतांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर दिसूं लागल्या. युद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्या नॉर्टन, बी. एस. ए. यांसारख्या मोटारसायकली नागरिकांच्या हातीं आल्या. त्यांचीं इंजिनें मुद्दामच सोशिक बनविलेलीं होतीं. दाबाचें प्रमाण पांचाच्या आसपास, म्हणजे मिळेल तें हलकें पेट्रोल पचविणारें. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊं लागलेल्या बुलेटचें प्रमाणही पुष्कळ वर्षें सहाच्या आसपास राहिलें. अशा गाडींत शंभर ऑक्टेनचें पेट्रोल घालणें म्हणजे ताक पचविणाऱ्यास औषध पाजण्यासारखें होय.

पुण्याची स्वतःची गाडी आली ती आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून. १९७१ पर्यंत इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्यावर, आणि त्यानंतर ‘चेतक’ या स्वतःच्या नांवानें. तिच्यासाठीं कुटुंबें वर्षानुवर्षें नंबर लावून बसत. १९७२ सालीं फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. हीं सर्व दोन टप्प्यांचीं, माफक दाबाचीं इंजिनें. देशांत त्या काळीं साधें ८७ ऑक्टेनचें व थोडें वरचें ९३ ऑक्टेनचें अशीं दोन पेट्रोलें मिळत. परंतु स्कूटरवाल्यास ८७ पुरेसें होतें, आणि त्याची खरी काळजी पेट्रोलांत तेल किती मिसळावयाचें, ही असे.

मात्र हे आंकडे ज्याच्या बळावर गांठले जात, तें होतें शिसें. लक्ष्मी रस्त्यावर वा मंडईजवळ गर्दींत उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासांत तें रोज जात होतें. पृथ्वीचें वय शिशाच्या मोजमापावरून ठरविणाऱ्या क्लेअर पॅटर्सन यानें १९६५ सालीं दाखवून दिलें कीं, आधुनिक माणसाच्या शरीरांतील शिशाचें प्रमाण नैसर्गिक नसून माणसानेंच वाढविलेलें आहे. १९७९ सालीं हर्बर्ट नीडलमन या वैद्यानें लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दांतांतील शिसें मोजलें, आणि ज्यांच्या दांतांत तें अधिक त्यांची बुद्धीच्या कसोटींत पीछेहाट होते, असें सिद्ध केलें. हॅमिल्टन आणि हेंडरसन यांनीं दिलेला इशारा खरा ठरावयास अर्धें शतक लागलें. भारतांत १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळूं लागलें व ता. १ फेब्रुवारी २००० पासून तें देशभर सक्तीचें झालें. जगांतील शेवटच्या देशानें, अल्जीरियानें, १९२१ च्या त्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०२१ सालीं, शिशाचें पेट्रोल बंद केलें. इंजिन खट्‌खट्‌ करूं नये एवढ्यासाठीं शंभर वर्षें मुलांच्या मेंदूनें किंमत दिली, असेंच या प्रकरणाचें सार आहे.

शिसें गेलें, तरी आंकडा कमी झाला नाहीं; उलट वाढला. शुद्धिकरणाच्या सुधारलेल्या रीतींमुळें साध्या पेट्रोलचा आंकडा ८८ वर आणि पुढें ९१ वर आला. ता. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांनीं पेट्रोलांतील गंधक दशलक्ष भागांत दहा भागांवर आणिलें. पेट्रोल सुधारत असतांच पुण्याची मोटारसायकलही बदलत होती. २००१ च्या नोव्हेंबरांत बजाजची पल्सर आली व वेगाची हौस मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. तिच्या दीडशे सी. सी. इंजिनाचें दाबाचें प्रमाण सुमारें साडेनऊ होतें. २०१२ सालीं चाकणच्या कारखान्यांत बनलेली के. टी. एम. ड्यूक २०० आणि त्याच वर्षाची पल्सर २०० एन. एस. या दोघींनीं अकराची पातळी गांठली. पुढल्याच वर्षीं आलेल्या ड्यूक ३९० नें तर बाराही ओलांडले. १९४० च्या मर्लिन इंजिनाचें प्रमाण सहाच होतें, हें लक्षांत घेतां, तळेगांव-चाकण रस्त्यावर तयार होणाऱ्या लहान गाडीनें केवढी मजल मारली, तें कळून येईल.

येथें असा प्रश्न सहज उद्भवतो कीं, अकरा-बारा प्रमाणाच्या या इंजिनांस तरी शंभर ऑक्टेन लागत असेल कीं नाहीं? याचें उत्तर इंजिनाच्या रचनेंत आहे. नॉकिंग होण्यास मिश्रणास तापावयास वेळ मिळावा लागतो. ड्यूक २०० चा सिलिंडर अवघा ७२ मिलिमीटर रुंद. ज्योतीस फार दूर जावें लागत नाहीं. इंजिन मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतें, म्हणजे प्रत्येक ज्वलनास क्षणाचाही अल्पसा अंश मिळतो. भोंवतीं पाणी खेळवून सिलिंडर थंड ठेविलेला असतो, आणि ठिणगी केव्हां पाडावयाची हें विजेचा एक छोटा मेंदू ठरवितो. या सर्व उपायांनीं आजचें इंजिन जो दाब ९१ ऑक्टेनवर सोसतें, तो पूर्वींच्या इंजिनास शंभरावरही सोसला नसता. शिवाय देशभर खपावयाच्या गाडीस कोठल्याही तालुक्याच्या गांवीं मिळणाऱ्या पेट्रोलवरच चालावें लागतें. कारखानदार ठिणगीची वेळ तोच हिशोब धरून बसवितो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. येथील किंचित विरळ हवेमुळें इंजिनाची ऑक्टेनची गरज मुंबईच्या मानानें थोडी कमीच असते.

तेव्हां ९१ वर समाधानानें चालणाऱ्या गाडींत शंभर घातल्यास काय होईल? बहुधा कांहींच नाहीं. जें नॉकिंग मुळांत होतच नव्हतें, तें थांबविण्यास दिलेला पैसा वाया जाईल. दहा लिटरच्या टांकीमागें, दिल्लीच्या २०२० मधील भावानें, हा वरचा खर्च पावणेआठशे रुपयांच्या घरांत जातो. महाग पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारे कांहीं पदार्थ अनेकदां मिसळलेले असतात आणि त्यांचा उपयोगही होतो; पण तो गुण त्या पदार्थांचा, आंकड्याचा नव्हे.

मात्र कांहीं गाड्या खरोखरच अधिक मागतात, हेंही तितकेंच खरें. परदेशांतून येणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींपैकीं पुष्कळांच्या माहितीपुस्तकांत किमान ९५ ऑक्टेनची अट स्पष्ट लिहिलेली असते. तेथें कमी आंकड्याचें पेट्रोल घालणें म्हणजे इंजिनाशीं वैर करणें होय. ज्या गाडींत नॉकिंग ओळखणारें यंत्र बसविलेलें असतें, ती हलक्या पेट्रोलवर ठिणगी उशिरा पाडून स्वतःस वांचविते, पण थोडी शक्ति गमावते. चांगल्या पेट्रोलवर ती गमावलेली शक्ति परत मिळविते. भारतांतील पुष्कळशा लहान गाड्यांत असें यंत्र नसतें, म्हणून त्यांना वरच्या आंकड्याचा पत्ताच लागत नाहीं. तिसरा प्रकार हौसेनें फेरफार केलेल्या गाड्यांचा. दट्ट्या बदलून वा ठिणगीची वेळ पुढें सरकवून ज्यानें दाब वाढविला, त्यानें वरचें पेट्रोल घेणें ही चैन नसून जबाबदारी आहे. चौथा प्रकार जुन्या गाडीचा. वर्षानुवर्षें काजळी सांचून सिलिंडरांतील जागा कमी झाली कीं दाब आपोआप वाढतो. अशी गाडी मे महिन्यांत, मागें माणूस बसवून, वरच्या गिअरमध्यें कात्रजच्या किंवा दिवेघाटाच्या चढावर रेटली, तर खडे खुळखुळल्याचा आवाज येईल. तेथें वरचें पेट्रोल तात्पुरता आराम देतें. पण खरा उपाय गिअर उतरविणें आणि मिस्त्रीकडून काजळी साफ करविणें हाच होय.

या इतिहासाचें शेवटचें प्रकरण पुन्हां महाराष्ट्राच्या मातींत येऊन पोंचतें. केटरिंग आणि मिजली यांनीं बाजूस सारलेला मद्यार्क भारतानें अगदींच विसरला नव्हता. १९४८ सालीं त्याच्या मिश्रणासंबंधानें एक कायदाही झाला होता. परंतु खरा प्रयोग २००१ सालीं सुरू झाला, आणि त्यासाठीं निवडलेल्या तीन ठिकाणांपैकीं मिरज व मनमाड हीं दोन महाराष्ट्रांतील होतीं. ता. ५ जून २०२१ रोजीं निव्वळ इथेनॉल पंपावर देण्याचा प्रयोग पुण्यांतच आरंभिला गेला. साखर कारखान्यांचा प्रदेश, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि वाहनांची परीक्षा घेणारी, १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही संस्था, हीं सर्व एकाच शहराच्या अंगणांत असल्यामुळें ही निवड स्वाभाविकच होती. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. आणि अशा मिश्रणाचा ऑक्टेनचा आंकडा ९५ पर्यंत जातो, असें सरकारी खात्यानें जाहीर केलें.

म्हणजे ज्या ९५ साठीं पुणेंकर पूर्वीं जादा पैसे मोजीत असे, तो आंकडा साध्या पंपावर आपोआप आला. गाड्या त्यामुळें अधिक वेगानें धांवूं लागल्या काय? नाहीं. उलट सरकारी आराखड्यानेंच असें नमूद केलें आहे कीं, जुन्या धर्तीच्या दुचाकींचें अंतर या मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनीं घटेल, कारण इथेनॉलांत उष्णता कमी. वाढलेल्या आंकड्याचा लाभ मिळेल तो त्या आंकड्यास अनुसरून अधिक दाबाचीं इंजिनें घडविलीं जातील तेव्हांच. आंकडा वाढला आणि शक्ति वाढली नाहीं, याचा याहून मोठा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेंत करतां आला नसता. तो पुण्याच्या लाखों दुचाकींवर प्रत्यक्ष होऊन गेला.

सोन्याचा नंबर सोन्यांत असतो. पेट्रोलचा नंबर मात्र इंजिनाशीं लावून पाहावा लागतो. ज्या गाडीच्या माहितीपुस्तकांत ९१ लिहिलें आहे तिला ९१ हेंच शंभर नंबरी, आणि जिला ९५ हवें तिला ९१ हें हिणकस. घरांतील मुलानें नव्या मोटारसायकलसाठीं महागड्या पेट्रोलचा हट्ट धरला, तर वडिलांनीं रागावण्याचें कारण नाहीं आणि मुकाट्यानें पैसे देण्याचेंही नाहीं. गाडीबरोबर आलेलें, बहुधा न उघडतांच कपाटांत पडलेलें, तें लहानसें पुस्तक दोघांनीं मिळून उघडावें, एवढेंच पुरे.